आमचा पगार जाहीर करा, आमचं घर नको

प्रति,
माननीय मुख्य सचिव, गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी
आणि राज्यातले सर्व खातेप्रमुख व आहरण-संवितरण अधिकारी (पगारबिलं काढणारे डीडीओ)

विषय: सरकारी कर्मचाऱ्यांच्या आयकराच्या माहितीची गुप्तता

महोदय,

स. न. वि. वि.

मी डिचोली तालुक्यात राहते आणि राज्य सरकारच्या एका खात्यात यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक, आहे. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं मी लेखा विभागात पगारबिलं केली आणि दर जानेवारी-फेब्रुवारीत सहकाऱ्यांचे आयकराचे तक्ते भरले. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. खात्याचं आणि माझं नाव इथे देत नाही. माझ्या मुलाची ओळख जेवढी उघडी पडली त्याहून जास्त पडू नये, एवढंच त्यामागे आहे. आपल्याकडे टपालाने पाठवलेल्या प्रतीवर माझं नाव, हुद्दा आणि सही आहे.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक एक्सेल फाइल आली. 'आपापली नोंद तपासून घ्या, दुरुस्ती असल्यास संध्याकाळपर्यंत कळवा,' असा निरोप होता. २०२४-२५ या वर्षाचा कर कापण्यासाठी केलेला तो तक्ता, त्रेचाळीस जणांचा. नाव, पॅन, एकूण पगार, इतर उत्पन्न, गृहकर्जाचं व्याज, विमा, मेडिक्लेम, देणग्या, शेवटी 'शेरा'. ग्रुपमध्ये आम्ही त्रेचाळीस नव्हतो, एकोणसाठ होतो. बदली होऊन गेलेले, निवृत्त झालेले, रोजंदारीवरचे आणि दोन-तीन नंबर कुणाचे ते मला आजही माहीत नाही.

माझ्या ओळीत ८०डीडी या रकान्यात ७५,००० होते. घरात अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ही वजावट मिळते. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असलं की ७५,००० आणि ऐंशी टक्के किंवा जास्त असलं की १,२५,०००. म्हणजे रकान्यातला आकडा वाचला की टक्केवारीचा अंदाज बांधता येतो, त्याला डॉक्टरचा कागद लागत नाही. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी दोन शब्द टाइप केले होते: 'मुलगा – मानसिक'.

माझा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं उपचार चालू होते आणि तो सावरत होता. आजाराबद्दल कुणाला सांगायचं, कधी सांगायचं हे तो स्वतः ठरवेल असं आम्ही त्याला वचन दिलं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ते माहीत नव्हतं. त्या दिवशी चार वाजता चहाच्या टेबलावर एका सहकारिणीने खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कितले टक्के गो?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. मी कप तसाच ठेवून उठले.

फाइल चाळीस मिनिटांनी डिलीट झाली. पण तोवर ती फोनांमध्ये उतरली होती. पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलाने त्याला विचारलं, त्या मुलाची आई आमच्याच कार्यालयात आहे. त्यानंतर माझा मुलगा तीन आठवडे कॉलेजला गेला नाही. एका रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "आई, ते कलम टाकलं नसतंस तर किती कर बसला असता?" मी हिशेब मांडून सांगितला: सेसासकट २४,४४० रुपये. तो म्हणाला, "तेवढे भरले असते आपण."

महोदय, सरकारने कायद्याने देऊ केलेली सवलत मागितली म्हणून मुलाने आईला हा प्रश्न विचारावा, हे मला गप्प बसून सहन होत नाही. म्हणून हे पत्र.

या गोष्टीचा दुसरा भाग माझ्या नवऱ्याचा आहे, आणि तो गोव्याबाहेरच्या वाचकाला समजावून सांगावा लागेल. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही चालतो. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून आयकर कायद्यात आपल्यासाठी खास ५ए हे कलम घातलेलं आहे. (१९६१ च्या कायद्याच्या त्या कलमात संहितेचं साल १८६० छापलेलं होतं. कर भरताना दरवर्षी ते डोळ्याला खुपायचं.) पगार ज्याचा त्याच्याच नावे करपात्र, पण बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे धंदा, भाडं, व्याज, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं. नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद राहिली आहे. म्हणूनच आम्हाला पगारदारांचा साधा 'सहज' फॉर्म चालत नाही. अनुसूची ५ए जोडलेलं मोठं विवरणपत्र भरावं लागतं आणि त्यात जोडीदाराचं नाव आणि पॅनही लिहावा लागतो.

नवऱ्याचं बाजारात भुसारी मालाचं छोटं दुकान आहे. कर वर्षअखेरीला एकदम अंगावर येऊ नये म्हणून मी त्याच्या नफ्याचा माझ्या वाट्याचा निम्मा आकडा कार्यालयाला आधीच कळवत असे, तशी सोय कायद्यातच आहे. तो आकडा 'इतर उत्पन्न' या रकान्यात होता. निम्म्याची दुप्पट करायला कुणाला कितीसा वेळ लागतो? मार्चमध्ये दुकानाच्या मालकाने भाडं वाढवायची गोष्ट काढली आणि बोलता बोलता दुकानाच्या वर्षाच्या नफ्याचा आकडा तोंडाने सांगितला. बरोबर आकडा, हजाराचाही फरक नाही. नवरा सरकारी नोकर नाही. त्याने कुठल्याही कार्यालयाला कसलाही कागद दिलेला नव्हता. त्याच्या धंद्याची माहिती फुटली ती बायको सरकारी नोकर आहे म्हणून.

देशात इतरत्र एका कर्मचाऱ्याचा कर-तक्ता फुटला तर मुख्यतः त्या एकाचा फुटतो. आपल्याकडे घरातल्या दोघांचा फुटतो. गोव्यात ही काळजी इतर राज्यांपेक्षा जास्त घ्यायला हवी, आणि ती घ्या असं सांगणारं एकही परिपत्रक सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेलं नाही.

आता माझ्या तक्रारी क्रमाने सांगते.

पहिली तक्रार कामाच्या पद्धतीची. कर कापण्याच्या निमित्ताने खात्याकडे जे जमा होतं त्यात घर उघडं पडतं, हे आपल्या वरिष्ठांना कधी जाणवलं आहे का? ८०डीडीबीच्या रकान्यातून कॅन्सर, किडनी कळते. ८०ईमधून मुलाचं शैक्षणिक कर्ज कळतं. घरभाडं वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅनसुद्धा द्यावा लागतो, म्हणजे तिऱ्हाईत माणूसही त्यात आला. ८०जीमधून कुठल्या देवळाला, कुठल्या संस्थेला देणगी दिली ते कळतं. आणि ८०जीजीसीमधून राजकीय पक्षाला दिलेली देणगी कळते, जी आपल्यासारख्या लहान राज्यात बदलीच्या वेळी कुणाच्या हाती लागावी असं कुठल्याच कर्मचाऱ्याला वाटणार नाही. ही सगळी कागदपत्रं मी काम करत असताना एका बॉक्स फाइलमध्ये राहत. ती फाइल कपाटावर असे. कपाटाला कुलूप होतं, पण फाइल कपाटाच्या आत मावत नव्हती. हे मीही चालवून घेतलं. कुणी बोट ठेवलं नाही म्हणून मलाही ते चुकीचं वाटलं नाही, आणि याची मला आज खंत आहे.

दुसरी तक्रार बाहेरच्या हातांची. पगारातून कापलेल्या कराचं तिमाहीचं २४क्यू विवरणपत्र आमच्याकडे बाहेरच्या माणसाकडून भरून घेतलं जातं. शेवटच्या तिमाहीच्या विवरणपत्रासोबत प्रत्येक कर्मचाऱ्याचा वर्षाचा पगार आणि वजावटींचा तपशील जातो. मी स्वतः तो पेन ड्राइव्हवर नेऊन दिलेला आहे. त्या माणसाकडून गुप्ततेचं लेखी हमीपत्र घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही, काम झाल्यावर त्याच्या संगणकातून माहिती पुसली का, हे कुणी विचारलं नाही. बाहेरच्या हातांतून काय होऊ शकतं याचं उदाहरण अमेरिकेत घडलं आहे. तिथल्या कर खात्यासाठी कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या एका माणसाने हजारो श्रीमंतांची आणि राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या व्यक्तीचीही करविवरणं बाहेर दिली. जानेवारी २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

तिसरी तक्रार सगळ्यात कडू आहे, आणि ती माहितीच्या अधिकाराशी निगडित आहे.

फाइल फुटली त्या आठवड्यात मी लेखी तक्रार दिली. तोंडी उत्तर मिळालं: "चुकून झालं, डिलीट केलं, आता वाढवू नका." लेखी काहीच नाही. नऊ महिने मी थांबले. मग डिसेंबर २०२५ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली साधे तीन प्रश्न विचारले. माझ्या तक्रारीवर चौकशी झाली का? झाली असेल तर अहवालाची प्रत द्यावी. कोणती कारवाई झाली? जानेवारीत उत्तर आलं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये नाकारण्यात येत आहे. पहिलं अपीलही त्याच एका ओळीवर फेटाळलं गेलं.

माझी, माझ्या मुलाची, माझ्या नवऱ्याची माहिती एकोणसाठ फोनांवर गेली तेव्हा ती वैयक्तिक नव्हती. ती कशी गेली हे मी विचारलं तेव्हा मात्र ती वैयक्तिक झाली. तो कागद हातात घेऊन मी जिन्यातच बसले होते.

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण या कलमात काय बदललं ते फार थोड्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे.

सरकारी नोकराच्या करविवरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर 'गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयोग' या खटल्यात आला. अकोल्यात नेमणुकीला असलेल्या भविष्य निर्वाह निधी खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा सेवातपशील, त्याला दिलेले मेमो, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रं अर्जदाराने मागितली होती. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने निकाल दिला: आयकर विवरणपत्रातला तपशील ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक लोकहित असल्याशिवाय ती देता येणार नाही. करापुरता तो निकाल मला पूर्ण पटतो. मेमो आणि शिक्षेचे कागदही त्याच झाकणाखाली गेले, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. माझ्या कामातल्या चुकीवर सरकारने काय केलं हे विचारायचा लोकांना हक्क आहे.

कामाची माहिती आणि घराची माहिती यांत फरक करायला आपलं गोवं फार आधी शिकलं होतं. केंद्राचा कायदा २००५ चा, आपला माहिती अधिकाराचा कायदा १९९७ चा. आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्या गोवा खंडपीठासमोर एका सरकारी कर्मचाऱ्याच्या रजेच्या नोंदींचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की लोकसेवकाचं काम, त्याची सचोटी जाणून घेण्याचा अधिकार लोकांना आहे, त्याच्या रजेच्या नोंदी खासगीपणाच्या नावाखाली अडवता येणार नाहीत. मी सरकारी नोकर असूनही म्हणते, ते योग्यच होतं. मी कधी रजेवर होते, हजेरीपटावर माझी सही आहे का, मला महिन्याला किती पगार मिळतो, हे माझ्या टेबलासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाने जरूर विचारावं. कलम ४ खालच्या ज्या १७ मुद्द्यांची माहिती प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते, त्यातला दहावा मुद्दा प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याच्या मासिक वेतनाचाच आहे. तो पगार जनतेच्या तिजोरीतून येतो. पण त्या पगारातून मी कुणाच्या औषधाला किती खर्च करते, ते जनतेच्या तिजोरीचं नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातून पुढे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्या कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं ८(१)(जे) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आधी या कलमात तीन गोष्टी होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का ते बघा, व्यापक लोकहित आहे का ते तोला, आणि जी माहिती संसदेला किंवा विधानसभेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नका. या तिन्ही गोष्टी गेल्या. आता एवढंच उरलं: वैयक्तिक माहिती असेल तर देणं बंधनकारक नाही. लोकहित तोलण्याची कलम ८(२) मधली वाट अजून शाबूत आहे, पण माझ्या उत्तरात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता.

आणि त्याच कायद्यातला जो भाग माझ्या उपयोगाचा आहे, म्हणजे माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणं बंधनकारक, तो मे २०२७ पासून लागू व्हायचा आहे. नाकारण्याचं कलम लगेच लागू झालं, कळवण्याच्या कलमाला अठरा महिन्यांची मुदत मिळाली. शिवाय दंड झालाच तर तो जाणार सरकारच्या तिजोरीत. ज्याचं घर उघडं पडलं त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

आयकर खात्याकडे असलेल्या माहितीवर निदान कायद्याचा पहारा आहे. १९६१ च्या कायद्यात कलम १३८ होतं: कुणाची कर-माहिती लोकहितासाठी द्यायची की नाही हे आयकर खात्याच्या अगदी वरच्या आयुक्तांनी ठरवायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला तरी तिथली शिस्त तशी मोडणार नाही. पण तीच माहिती, त्याच रकान्यांची, जेव्हा खात्यातल्या डीडीओच्या टेबलावर असते तेव्हा तिच्यावर असा पहारा मला कुठे दिसला नाही. माहिती एकच, मग एका इमारतीत ती आयुक्तांच्या सहीशिवाय हलणार नाही आणि दुसऱ्या इमारतीत जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवर पडणार?

आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने मला अमेरिकेतला एक दावा वाचायला दिला. आमची फाइल फुटली त्याच महिन्यात, ३ फेब्रुवारी २०२५ रोजी, तिथल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आणि निवृत्तांच्या संघटना वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेल्या. कोषागाराच्या ज्या यंत्रणेतून पगार, पेन्शन आणि कराचा परतावा जातो, तिच्यातली माहिती सरकारने खर्चकपातीसाठी नव्याने नेमलेल्या 'डोज' पथकाच्या हाती दिली, हा त्यांचा आक्षेप. त्यांनी दोन कायद्यांवर बोट ठेवलं: १९७४ चा खासगीपणाचा कायदा आणि तिथल्या कर संहितेचं कलम ६१०३, ज्याप्रमाणे करविवरण मुळातच गुप्त. न्यायाधीशांनी सुरुवातीला सरकारच्या संमतीने त्या पथकाच्या प्रवेशावर मर्यादा घातल्या. ७ मार्चला मात्र अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. म्हणजे त्यांनाही सगळं मिळालं नाही. पण त्या वाचनात मला एक गोष्ट कळली जी कळून वाईट वाटलं. तिथे करविवरण बेकायदा उघड केलं तर ज्याचं उघड झालं तो स्वतः सरकारवर दावा लावू शकतो, आणि नुकसान सिद्ध करता आलं नाही तरी प्रत्येक वेळच्या उघडकीला किमान १,००० डॉलर भरपाई कायद्यानेच ठरवलेली आहे. माझ्या मुलाच्या तीन आठवड्यांचं नुकसान मी कुठल्या पावतीने सिद्ध करणार?

मला सांगितलं जातं की हा प्रश्न आता उरलाच नाही. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, वजावटी मागायच्या नाहीत, कागद द्यायचे नाहीत, मग फुटणार काय? गेल्या वर्षी मीही नव्या प्रणालीत गेले, खरं आहे. पण ज्यांचा पगार जास्त आणि डोक्यावर कर्ज आहे ते अजून जुन्या प्रणालीत आहेत. ५ए खालचा निम्मा वाटा कुठल्याही प्रणालीत दाखवावाच लागतो. आणि जुने तक्ते? २०१२ सालापासूनच्या फाइल्स आमच्या लेखा विभागाच्या संगणकात मी स्वतः ठेवून आले आहे. त्या संगणकाचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. माझ्यानंतर तो कुणी काढला असेल अशी आशा आहे.

यावर आमच्या मागण्या अशा आहेत. मी 'आमच्या' म्हणते, कारण त्या तक्त्यातले आम्ही अकरा जण आता एकत्र आलो आहोत. त्यात एक शिपाई आहे, दोन अधिकारी आहेत, आणि एक निवृत्त बाई आहेत ज्यांच्या नवऱ्याच्या डायलिसिसचा खर्च त्या फाइलमध्ये होता.

एक, कर-तक्ता, पुरावे आणि फॉर्म १६ कुठल्याही ग्रुपवर किंवा सामाईक ई-मेलवर पाठवू नयेत, असं स्पष्ट परिपत्रक वित्त खात्याने सगळ्या डीडीओंना काढावं. फॉर्म १६ ज्याचा त्याला, पासवर्ड लावून, त्याच्याच पत्त्यावर जावा. नोंद तपासायची असेल तर प्रत्येकाला त्याची एक ओळ दाखवावी. आम्ही आठ वर्षं चिठ्ठीवर लिहून देत होतो, त्याला यंत्र लागत नाही.

दोन, हे कागद कोण बघू शकतो त्यांची नावं प्रत्येक कार्यालयात लेखी ठरवावीत आणि बाकीच्यांना मनाई असावी. आजाराचं किंवा दिव्यांगत्वाचं नाव तक्त्यात लिहू नये. कलम आणि रक्कम पुरते, 'शेरा' कशाला?

तीन, विवरणपत्र बाहेरून भरून घ्यायचंच असेल तर गुप्ततेचा लेखी करार व्हावा आणि काम संपल्यावर माहिती नष्ट केल्याचा दाखला घ्यावा. जुने तक्ते आणि पुरावे किती वर्षं ठेवायचे याची मुदत ठरवावी आणि मुदत संपलेले कागद कर्मचाऱ्याला परत करावेत.

चार, माहिती फुटली तर ७२ तासांच्या आत संबंधित कर्मचाऱ्याला, आणि गोव्यात त्याच्या जोडीदारालाही, लेखी कळवावं. मे २०२७ ची वाट बघण्याचं कारण नाही. राज्य सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी हे आजच्या आज करू शकतं.

पाच, सगळ्या माहिती अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी की ८(१)(जे) लावण्याआधी ८(२) खाली लोकहित तोललं का, ते उत्तरात लिहावं. आणि एखादा माणूस स्वतःच्याच फुटलेल्या माहितीबद्दल विचारत असेल तर त्याला हे कलम दाखवू नये. यासोबतच कलम ४ खालची वेतनाची माहिती सगळ्या खात्यांनी अद्ययावत करून संकेतस्थळावर टाकावी. काही ठिकाणी ती कित्येक वर्षं जुनी आहे. आमचा पगार लपवावा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. उलट तो उघड असला की आमच्या घरात डोकावण्याचं निमित्तच उरत नाही.

सहा, माझ्या तक्रारीची चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल मला मिळावा. ज्याने फाइल पाठवली त्याची नोकरी जावी असं मला वाटत नाही. त्याला पाठवायला कुणी सांगितलं, आणि पाठवू नको असं सांगणारा नियम का नव्हता, हे मला हवं आहे.

माहिती आयोगाकडे दुसरं अपील मी केलं आहे. वकिलांशीही बोललो आहोत. आपल्याकडून तीस दिवसांत लेखी काही आलं नाही तर आम्ही अकरा जण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका दाखल करणार आहोत. सरकारविरुद्ध न्यायालयात जाणं आमच्यासारख्यांना सोपं नाही. आमच्यातल्या तिघांच्या निवृत्तीला दोन वर्षंही राहिलेली नाहीत आणि पेन्शनचे कागद याच कार्यालयातून जायचे आहेत. ते ठाऊक असून त्यांनी सह्या केल्या आहेत.

मुलगा पुन्हा कॉलेजला जातो. त्याला हे पत्र आधी वाचायला दिलं होतं, आणि त्यातलं त्याच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य त्याने ठेवू दिलं म्हणून ठेवलं आहे.

आपलं उत्तर बंद लिफाफ्यात, माझ्या नावे, घरच्या पत्त्यावर पाठवावं. कार्यालयामार्फत पाठवू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक यूडीसी, डिचोली